पुण्याचा ‘रिव्हर व्ह्यू’ कोणी बांधला?

फोनवर पुण्यातली महागडी घरं बघत बसलात, तर एक गंमत लगेच लक्षात येते. बंडगार्डन, बोट क्लब रोड, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर या पट्ट्यातल्या एकाच इमारतीतले, एकाच मजल्यावरचे, एकाच मापाचे दोन फ्लॅट. पण एकाची किंमत जास्त. कारण त्याच्या हॉलची खिडकी मुळा-मुठेकडे उघडते. जाहिरातीत त्याला ‘रिव्हर फेसिंग’ म्हणतात. ड्रोनने काढलेल्या फोटोत सूर्य मावळत असतो आणि नदी निळी दिसते.

प्रत्यक्षात राहायला गेल्यावर मात्र फेब्रुवारी उजाडला की ती खिडकी लावून घ्यावी लागते. संध्याकाळी डास येतात, वारा फिरला की वास येतो आणि पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. म्हणजे खिडकीचे पैसे मोजायचे आणि खिडकी बंद ठेवायची.

हे असं का झालं, याचं सोपं उत्तर ‘प्रदूषण’ हे आहे आणि ते खोटं नाही. पण त्याच्या मागे सव्वादोनशे वर्षांहून मोठी गोष्ट आहे. या शहरात नदी ही ‘बघायची’ वस्तू कधी झाली? ती बघण्यासाठी काठावर कोण राहायला आलं? आणि ज्या पाण्यासाठी ते आले, ते पाणी नंतर गेलं कुठे?

नदी होती, व्ह्यू नव्हता

पेशव्यांच्या काळातलं पुणं मुठेच्या काठावरच होतं. कसबा, शनिवार, नारायण या पेठा नदीला लागून होत्या. पण त्या शहरात नदीकडे तोंड करून घर बांधण्यात काही प्रतिष्ठा नव्हती. नदी कामाची होती. तिथे धुणी धुतली जायची, गुरं पाण्यावर यायची, कुंभारांची वस्ती तिच्या जवळ होती. ओंकारेश्वराला स्नानं व्हायची आणि मृतांना शेवटचा निरोपही त्याच काठावर दिला जायचा.

सरदारांचे, सावकारांचे वाडे आतल्या चौकाकडे बघायचे. बाहेर भक्कम भिंत, आत अंगण, हौद, तुळस. तुमचा वाडा शनिवारवाड्याच्या किती जवळ आहे, यावर तुमचं वजन ठरायचं. प्यायच्या पाण्यासाठीही शहर फक्त मुठेवर अवलंबून नव्हतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या दशकात, कात्रजच्या तलावांमधून दगडी नळाने पाणी शहरात आणलं गेलं आणि ते हौदाहौदांतून फिरायला लागलं. पाण्याकाठी निवांत बसायची हौस होती, नाही असं नाही. पण त्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी वेगळा तलाव बांधला होता. आज आपण जिथे सारसबागेत भेळ खातो, तिथे तो तलाव होता.

थोडक्यात, काम नदीवर आणि करमणूक तलावावर. नदीकडे नुसतं बघत बसायला कोणी घर बांधत नव्हतं.

संगमावरचा पहिला बंगला

ही रीत मोडणारा पहिला ठळक माणूस परका होता. १७८६ साली चार्ल्स मॅलेट ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, म्हणून पुण्यात आला. त्याने आपला मुक्काम गावातल्या पेठांमध्ये ठेवला नाही. मुळा आणि मुठा जिथे एकत्र येतात त्या संगमावर, शहराच्या बाहेर, इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली. बंगला, भोवती बाग, समोर दोन नद्यांचं पाणी आणि गावाच्या गर्दीपासून सुरक्षित अंतर.

आजच्या भाषेत सांगायचं तर पुण्यातला हा पहिला ‘प्रीमियम रिव्हरसाइड’ पत्ता. त्यात नदीपेक्षा अंतराला जास्त महत्त्व होतं. दरबाराच्या हालचाली कळाव्यात इतकं जवळ, पण दरबाराच्या मुठीत सापडू नये इतकं लांब. नदीकाठी राहण्यामागे मोकळ्या हवेची हौस होती, तसं राजकारणही होतं.

ते अंतर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी उपयोगी पडलं. त्या दिवशी खडकीची लढाई झाली. तेव्हाचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नदी ओलांडून आपल्या फौजेकडे निघून गेला आणि मागे मराठ्यांनी रेसिडेन्सी जाळली. त्यात एल्फिन्स्टनची पुस्तकंही जळाली. बंगला गेला, पण लढाई इंग्रजांनी जिंकली आणि थोड्याच दिवसांत पुणंही घेतलं. त्यानंतर शहराच्या पूर्वेला छावणी वसली, जिला आपण अजूनही ‘कॅम्प’ म्हणतो. पेठांचं पुणं आणि कॅम्पाचं पुणं अशी दोन शहरं शेजारी शेजारी नांदायला लागली.

बंड नव्हे, बंधारा

छावणीत माणसं वाढली, घोडे वाढले आणि पाणी कमी पडायला लागलं. दख्खनच्या नद्या अशा की पावसाळ्यात तुडुंब आणि उन्हाळ्यात डबक्यांची माळ. त्यावर उपाय म्हणून १८५०च्या सुमारास येरवड्याजवळ नदीवर दगडी बंधारा घालण्यात आला. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईचे प्रसिद्ध पारशी व्यापारी आणि दानशूर सर जमशेटजी जीजीभाई यांनी उचलला. अडवलेलं पाणी उचलून छावणीकडे नेलं जायचं.

फारसीतला ‘बंद’ म्हणजे बांध. इंग्रजांनी त्याचा ‘बंड’ केला, शेजारी बाग फुलवली आणि आपल्याला ‘बंडगार्डन’ मिळालं. आज त्या बागेचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे, पण रिक्षावाल्याला तुम्ही बंडगार्डनच सांगता. या नावाचा कुठल्याही बंडाशी संबंध नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. बंधारा घातला पिण्याच्या पाण्यासाठी, पण त्याने आणखी एक काम केलं. त्याच्या वरच्या अंगाला नदी थांबली, फुगली, रुंद झाली. डबक्यांच्या जागी एक लांबलचक संथ जलाशय तयार झाला. पुण्याला ‘व्ह्यू’ मिळाला तो असा. आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणतो ते इथे दगडाच्या एका भिंतीने तयार केलं होतं.

पाणी थांबल्यावर त्याच्या काठी काय काय आलं बघा. १८६०च्या दशकात बंधाऱ्याजवळ फिट्झजेराल्ड पूल झाला. नाव मुंबईच्या गव्हर्नरचं. आज तो जुना पूल वाहनांना बंद आहे, शेजारी नवे पूल आहेत. १८६८ साली बोट क्लब सुरू झाला, ज्याच्यावरून आजच्या बोट क्लब रोडला नाव पडलं. पलीकडच्या येरवड्याच्या काठावर डेक्कन कॉलेजची दगडी इमारत उभी राहिली आणि तिच्याही देणगीदारांत जीजीभाई घराणं होतं. टिळक आणि आगरकर याच कॉलेजचे विद्यार्थी. देशाचं काय करायचं यावर रात्र रात्र वाद घालणारी ती पोरंही याच संथ पाण्याच्या काठी राहत होती.

त्यात मुंबई सरकारचा मुक्काम दर पावसाळ्यात पुण्याला हलायचा. मुंबईचा चिखल आणि दमट हवा टाळून गव्हर्नर गणेशखिंडीच्या राजवाड्यात यायचा. तिथे आता विद्यापीठ आहे. गव्हर्नर आला की अधिकारी आले, वकील, व्यापारी, संस्थानिक आले. घोड्यांच्या शर्यती, मेजवान्या, नौकाविहार असा सगळा ‘सीझन’ असायचा. आणि सीझनसाठी घर हवं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, घोरपडीच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर आखीव प्लॉट पडले. सरळ गल्ल्या, मोठी आवारं, रस्त्यावर सावली धरणारे वड. संस्थानिकांचे, पारशी आणि इतर धनिक कुटुंबांचे बंगले इथे उभे राहिले. हे कोरेगाव पार्क. गल्ल्यांना नावं न देता नंबर दिले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना ‘लेन नंबर पाच’ असंच सांगतो.

पुलापलीकडे

या बंगल्यांच्या समोरचा काठ कोणासाठी होता, हे पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

पुलापलीकडे येरवडा. तिथे १८७१ साली मध्यवर्ती तुरुंग आला. मनोरुग्णालयही तिथेच आलं. शहराला जे डोळ्यांसमोर नको होतं, ते नदीच्या पलीकडे ठेवण्यात आलं. पण त्याच बाजूला, नगर रस्त्यावर, तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली महालही बांधला. पुढे इतिहासाने या दोन पत्त्यांची अशी अदलाबदल केली की कोणी रचून सांगितली तर खोटी वाटावी. १९३२ साली येरवडा तुरुंगात गांधीजींचं उपोषण चालू असताना २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, डॉ. आंबेडकर वाटाघाटींसाठी त्या तुरुंगात येत होते. आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, गांधीजींना नजरकैदेत ठेवण्यासाठी सरकारने आगाखानांचा महालच तुरुंग केला. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ला तिथे वारले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत.

तेव्हा नदीच्या एका काठावर बंगल्यांतले दिवाणखाने आणि दुसऱ्या काठावर देशाचं भवितव्य ठरवणारे कैदी, असं ते दृश्य होतं. मध्ये तेच संथ पाणी.

पाणी गेलं कुठे?

पण हे पाणी तोपर्यंत कमी व्हायला लागलं होतं.

छावणीची आणि शेतीची तहान येरवड्याच्या बंधाऱ्याने भागेना, म्हणून मुठेवर खडकवासल्याला मोठं दगडी धरण बांधण्यात आलं. १८६०च्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं आणि साधारण दहा वर्षांनी पुरं झालं. कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावावरून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणायचे. तिथून निघालेला उजवा कालवा पर्वती, स्वारगेट, कॅम्प, हडपसर असा शहरातून वाहत दौंडकडे जातो. स्वारगेटजवळ पुलावरून जाताना खाली जे पाणी दिसतं, ते खरं तर मुठेचं पाणी. नदीतून काढून कालव्यात घातलेलं.

दुसरी नदी मुळा. तिचं पाणी तर पूर्वेकडे यायचंच थांबलं. मुळशीला टाटांचं धरण झालं आणि ते पाणी घाटाखाली कोकणात भिऱ्याला सोडून वीज तयार व्हायला लागली. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमिनी बुडाल्या त्या मावळ्यांच्या, वीज गेली मुंबईला. आणि मुळेच्या खालच्या पात्राचा वाटा कमी झाला, याची नोंद बंगल्यांच्या गच्चीवर बसून कोणी घेतल्याचं दिसत नाही.

पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळेच्या खोऱ्यात पवना अशी धरणं होत गेली. ही धरणं नसती तर आजचं पुणं तहानेने मेलं असतं, हेही खरं. तुमच्या-माझ्या नळाला येतं ते याच धरणांचं पाणी. पण त्याचा हिशेब साधा आहे: पावसाळा सोडला तर दोन्ही नद्यांचं बहुतेक पाणी वरच अडतं आणि कालव्यातून, बोगद्यातून, पाइपातून दुसरीकडे जातं. संगमाच्या पुढे बंडगार्डनला येतं ते मुख्यतः शहराने वापरून टाकलेलं पाणी. आपल्या बाथरूममधून गेलेलं.

म्हणजे १८५०च्या भिंतीने व्ह्यू तयार केला आणि नंतरच्या भिंतींनी त्यातलं पाणी काढून घेतलं. किंमत मात्र व्ह्यूचीच चालू राहिली.

एका दिवसाची नदी

नदी खरंच काय असते, हे पुण्याला एकदाच पूर्ण दिसलं. १२ जुलै १९६१. बांधकाम पूर्ण व्हायच्या आत भरलेलं पानशेत धरण फुटलं, तो लोंढा सहन न होऊन खडकवासल्याचं जुनं धरणही त्याच दिवशी फुटलं आणि मुठा नारायण, शनिवार, डेक्कनच्या घरांमध्ये शिरली. वाडे मातीसारखे विरघळले. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांच्यासाठी गोखलेनगरसारख्या वसाहती नदीपासून लांब, उंचावर वसल्या.

त्या पुराने पेठांमधल्या पुण्याचं नदीशी असलेलं नातं तोडलं. घाटावरचं रोजचं जाणं-येणं संपत गेलं. नळ घरात आले, धुणी बाथरूममध्ये गेली. पुढच्या काळात मुठेच्या पात्रातच रस्ता झाला, पार्किंग झालं, चौपाटी झाली. पावसाळ्यात तो रस्ता पाण्याखाली गेला की आपण ‘नदी रस्त्यावर आली’ म्हणतो. खरं तर रस्ता नदीत गेलेला असतो.

नेमक्या त्याच काळात पूर्वेकडच्या काठाचे दिवस मात्र पालटत होते. १९७४ साली रजनीशांचा आश्रम कोरेगाव पार्कात आला. जगभरातले तरुण भगव्या रंगाच्या कफन्या घालून त्या नंबरच्या गल्ल्यांतून फिरायला लागले. त्यांच्यामागून भाड्याच्या खोल्या, बेकऱ्या, कॅफे आले. आश्रमाने शेजारच्या घाण नाल्याभोवती सुंदर बाग फुलवली; पुणेकर तिला ओशो पार्क म्हणून ओळखतात. ती बाग पाहिली की दोन गोष्टी एकदम समजतात. मनात आणलं तर नाला साफ राहू शकतो. आणि कुंपणाच्या आत तो साफ ठेवला, तरी कुंपणाबाहेरची नदी आहे तशीच राहते.

नव्वदीनंतर आयटी आलं. खराडी, मगरपट्ट्याला ऑफिसं झाली आणि कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, मुंढवा या पट्ट्यातले बंगले पाडून टॉवर चढायला लागले. एका संस्थानिकाच्या वाट्याची नदी आता शंभर खिडक्यांमध्ये वाटली गेली.

निळी रेषा, लाल रेषा

नकाशावर या नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मध्ये बंधनं, असा नियम आहे. नदीकाठी घर घेणार असाल, तर स्विमिंग पूल बघण्याआधी या दोन रेषा बघा.

पण एवढं बघणं पैसेवाल्या माणसालाच परवडतं. टॉवरमध्ये पोडियम असतं, खाली पार्किंग असतं. पाणी आलं तर गाड्या बुडतात, माणसं वर राहतात. संगमाजवळच्या पाटील इस्टेटमध्ये किंवा येरवड्याच्या काठावरच्या वस्त्यांमध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला की लोक भांडीकुंडी डोक्यावर घेऊन महापालिकेच्या शाळेत जातात. त्यांच्यातल्याच बायका दुसऱ्या दिवशी टॉवरमध्ये भांडी घासायला वेळेवर हजर असतात. त्यांचीही घरं ‘रिव्हर फेसिंग’च आहेत. जाहिरात फक्त कोणी करत नाही. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा मध्यमवर्गीय सोसायट्यांनाही याची चव कळली.

आता महापालिकेने सुमारे ४४ किलोमीटर काठ ‘विकसित’ करायला घेतला आहे. साबरमतीसारखा नदीकाठ, फिरायला वाट, बसायला पायऱ्या. संगमापासून बंडगार्डन आणि तिथून मुंढव्याकडे या पट्ट्यात काम आधी सुरू झालं, म्हणजे जिथे व्ह्यू आधीपासून विकला जातो तिथे. फिरायला जागा मिळाली तर ती सगळ्यांना हवीच आहे. झोपडपट्टीतल्या पोराला आणि टॉवरमधल्या आजोबांना एकाच पायरीवर बसता आलं, तर या काठावर ते पहिल्यांदाच होईल. पण झाडं तुटण्यावरून, पात्र आवळलं जाण्यावरून पुणेकर रस्त्यावर उतरले, तेही उगाच नाही. पर्यावरणवाल्यांचा प्रश्न सरळ आहे: काठ सजवला, पण पाणी कुठलं असणार?

हाच प्रश्न १८५० पासून कोणी विचारला नव्हता. तेव्हा भिंत घातली की पाणी मिळत होतं. आता भिंतीमागे साठतं ते सांडपाणी.

खालचा काठ

कोरेगाव पार्कच्या खिडकीतून दिसणारं पाणी तिथे थांबत नाही. ते केशवनगर आणि खराडीच्या मधून जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या आकाशात वावटळीसारखे फिरणारे किड्यांचे खांब फोनवर तुम्हीही बघितले असतील. पुढे दौंडच्या दिशेने जाऊन ते भीमेला मिळतं आणि भीमेचं पाणी उजनी धरणात साठतं. उजनीवर सोलापूर जिल्ह्याची शेती चालते आणि सोलापूर शहर ते पाणी पितं.

सोलापुरात पाणी कधी चार दिवसांनी येतं, कधी पाच. तिथल्या कोणाच्या घराच्या जाहिरातीत मुळा-मुठा नसते. पण पुण्याने नदीत काय सोडलं, याचा शेवटचा हिशेब त्यांच्या हंड्यात उतरतो.

मॅलेटला नदी हवी होती ती अंतरासाठी. छावणीला पाण्यासाठी, बोट क्लबला वल्ह्यांसाठी, संस्थानिकांना सीझनसाठी, बिल्डरला खिडकीसाठी. प्रत्येकाने तिच्यातला आपल्या कामाचा तुकडा घेतला आणि उरलेली खाली सोडून दिली. म्हणून फ्लॅट बघायला गेलात आणि विक्रीवाल्याने पडदा बाजूला सारून नदी दाखवली, तर एक प्रश्न जरूर विचारा: या इमारतीचं सांडपाणी कुठे जातं? तो पडदा उघडा ठेवण्यासारखा आहे की नाही, हे त्या उत्तरावरून कळेल.